झालाच पाहिजे (निवडणूक घोषणा)

'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' : संयुक्त महाराष्ट्र चळवळीची मुख्य घोषणा व १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या प्रचाराचा गाभा.

घोषणेतील सर्व पदे एका काळची नसावीत. 'संयुक्त महाराष्ट्र' हा शब्दप्रयोग जुना. बेळगावच्या साहित्य संमेलनानंतर १९४६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र परिषद स्थापन झाली, तेव्हा तो रूढ होता. मुंबईचा प्रश्न भाषावार प्रांतरचनेचा विचार करणाऱ्या १९४८ च्या दार आयोगापासून वादात होताच; तथापि 'मुंबईसह' या पदाला आजची धार बहुधा १९५५-५६ मध्ये, शहर वेगळे ठेवण्याचे प्रस्ताव पुढे आल्यावर आली. म्हणून घोषणेचे जनकत्व एका व्यक्तीकडे देण्यापेक्षा ती सभा-मोर्च्यांत घडत गेली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

तिचे सामर्थ्य बव्हंशी व्याकरणात आहे. 'पाहिजे' हे 'पाहणे' या धातूचे जुने कर्मणी रूप ('म्हणजे' हे त्याच घडणीचे). 'पाहिले जाते, शोधले जाते' यावरून 'हवे, आवश्यक' हा अर्थ आला. त्यामुळे राज्य कोणी द्यायचे, कोणाकडे मागायचे, हे वाक्यात येतच नाही. 'द्या' म्हटले असते तर ती याचना झाली असती. 'झाला' हे भूतकाळी रूप हवी ती गोष्ट जणू घडून गेल्यासारखी मांडते आणि 'च' पर्यायाला जागा ठेवत नाही. पहिला भाग एकाने पुकारायचा व 'झालाच पाहिजे' जमावाने म्हणायचे, ही रीत असल्याने निरक्षर श्रोताही तिचा उच्चारक झाला.

समितीत (स्थापना ६ फेब्रुवारी १९५६) कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवी परस्परविरोधी गट होते. त्या सर्वांना पेलणारे हे एकच वाक्य होते. पश्चिम महाराष्ट्रात व मुंबईत समितीने मोठे यश मिळवले. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, श्री. अ. डांगे, ना. ग. गोरे, नाना पाटील निवडून आले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडमध्ये थोडक्यात वाचले. विदर्भ-मराठवाड्यात मात्र काँग्रेस टिकली व द्विभाषिक (मराठी-गुजराती) मुंबई राज्याची सत्ताही तिच्याकडेच राहिली. वेगळ्या विदर्भाची मागणी असलेल्या भागात ही घोषणा तितकी रुजणे कठीणच होते. शिवाय पश्चिमेकडील यशामागे चळवळीतील पोलिस गोळीबारात बळी पडलेल्या हुतात्म्यांची (प्रचलित संख्या १०५, पुढील गणनांत १०६ वा १०७) ताजी वेदना होती. ती वगळून केवळ शब्दांना श्रेय देता येत नाही.

१ मे १९६० रोजी मुंबईसह राज्य झाले; बेळगाव, कारवार, निपाणी बाहेर राहिली. सीमाभागात या गावांची नावे जोडलेले घोषणेचे लांब रूप सीमाभाग महाराष्ट्रात यावा यासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या सभांतून पुढेही चालू राहिले. इतरत्र तिचा साचा 'मिळालाच पाहिजे' अशा रूपांत कामगार व विद्यार्थी मोर्च्यांनी उचलला.