गारगोटीपासून विळीपर्यंत: धारेचा जुना सौदा

आमच्या स्वयंपाकघरात दोन विळ्या आहेत. एक आजीची, लोखंडी पात्याची, आणि दुसरी अलीकडे घेतलेली, स्टेनलेस स्टीलची. आजीच्या विळीचे पाते मुळात किती रुंद होते, हे आता फक्त ते पाटावर जिथे बसवले आहे तिथेच समजते. मधला भाग वर्षानुवर्षे धार लावून लावून जेमतेम बोटभर उरला आहे. कैरी चिरली की हे पाते काळे पडते, केळफूल चिरायचे असेल तर पात्याबरोबर हातही काळे होतात, आणि रात्री पुसायला विसरले तर सकाळी तांबूस गंज हजर असतो. नव्या विळीला यातले काहीच होत नाही. तरीही अळू किंवा कोथिंबीर बारीक चिरायची असली की घरातली सगळी माणसे आजीचीच विळी ओढतात. या आवडीत सवयीचा भाग असेलच, पण धातुशास्त्राचाही आहे.

कापणे म्हणजे थोड्याशा जागेवर प्रचंड दाब आणणे. समजा, भाजीचा एक सेंटीमीटर भाग पात्याला टेकला आहे आणि आपण एक किलो वजनाइतका जोर लावतो आहोत. धारेची जाडी एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग असेल, तर त्या रेघेवर वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट दाब येतो. तीच धार झिजून पन्नास मायक्रॉन जाडीची झाली, तर तेवढ्याच जोराने जेमतेम दोनशे पट दाब येईल. डोळ्यांना दोन्ही पाती सारखीच दिसतात. टोमॅटोला मात्र फरक लगेच कळतो. टोमॅटोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. पाते नुसते दाबले तर साल आत दबते आणि गर बाहेर येतो, पण पाते थोडे सरकवले की साल बाजूलाही ताणली जाते आणि कमी जोरात तिला चीर पडते. विळीच्या पात्याला बाक असल्यामुळे हे सरकणे आपोआप साधते, शिवाय पाते स्थिर असल्याने दोन्ही हात भाजी धरायला मोकळे राहतात. चाकूने फळीवर भाजी चिरणाऱ्यांना ही सोय नाही, हे आमच्या पिढीत विळी अडगळीत गेल्यावर उशिरा लक्षात आले.

इतक्या अरुंद कडेवर इतका दाब आला, तर तो दाब कडेलाही सोसावा लागतो. कडा मऊ असेल तर ती वाकते, आणि फार कठीण असेल तर तिचा टवका उडतो. कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन गुण एका पदार्थात सहसा एकत्र सापडत नाहीत. काच कठीण असते पण चिवट नसते, तांब्याची तार चिवट असते पण कठीण नसते. माणसाने आजवर केलेले प्रत्येक पाते हा या दोन गुणांमधला कुठला तरी सौदा आहे.

या सौद्याची सर्वांत जुनी माहीत असलेली उदाहरणे केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला लोमेक्वी येथे मिळाली. ती सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत, म्हणजे आपली ‘होमो’ ही प्रजाती अवतरण्याच्याही आधीची, असे सध्या उपलब्ध असलेल्या जीवाश्मांवरून दिसते. दगडावर दगड आपटून काढलेले ते ओबडधोबड छिलके आहेत. महाराष्ट्रात नेवाशाजवळ प्रवरेकाठी चिरकी येथे पुराश्मयुगातल्या हातकुऱ्हाडी मोठ्या संख्येने सापडल्या, त्या बहुतांशी इथल्याच काळ्या पाषाणाच्या. काळा पाषाण चिवट असतो, त्यामुळे लाकूड तोडायला किंवा हाड फोडायला तो उत्तम. पण त्याचे कण भरड असल्याने त्याची धार एका मर्यादेपलीकडे बारीक होत नाही. सुदैवाने त्याच पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये गारगोट्या तयार झालेल्या असतात. कॅल्सेडनी, अकीक या त्यांच्या जाती. त्यांचे स्फटिक इतके सूक्ष्म असतात, की फुटताना भेग कुठेही न अडखळता शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत वळणदार पृष्ठभाग सोडत पुढे जाते, आणि असे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात तिथे वस्तऱ्यासारखी कडा तयार होते. ती घासावी लागत नाही, फुटतानाच धार घेऊन येते.

या गारगोटीचे कसब कुठवर गेले होते, ते पाहायचे तर पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या इनामगावला जावे. घोड नदीच्या काठी इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळात नांदलेल्या या शेतकरी वस्तीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८पासून अनेक हंगाम केले. हे लोक ताम्रपाषाणयुगातले. तांबे त्यांना माहीत होते, पण ते दुर्मीळ होते, आणि रोजची कापाकापी कॅल्सेडनीच्या पात्यांनीच चाले. पाते काढण्याची रीत डोकेबाज होती. गारगोटीच्या गोळ्यावर आधी दोन्ही बाजूंनी बारीक टवके उडवून एक नागमोडी उभा कणा तयार करायचा, मग वरच्या टोकाशी नेमका दाब द्यायचा. भेग त्या कण्याचा माग धरून सरळ खाली उतरते आणि लांब, समांतर कडांचे पाते सुटून येते. त्याच्या जागी गोळ्यावर दोन नवे सरळ कंगोरे उरतात, ते पुढच्या पात्यांना वाट दाखवतात. एका गोळ्यातून अशी पात्यांमागून पाती निघत. जगभरात अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्याला खाच पाडून, डिंकाने किंवा राळेने ओळीत बसवली जात, की झाला विळा. एक पाते तुटले तर तेवढेच बदलायचे. कठीण पण ठिसूळ कडा आणि तिला पाठीशी घालणारा चिवट दांडा, अशी कामाची वाटणी या विळ्यात होती. धान्याच्या आणि गवताच्या काडीत सूक्ष्म सिलिका असते. तिच्या घर्षणाने अशा पात्यांच्या कडेवर एक विशिष्ट चकाकी चढते, आणि पात्याने धान्य कापले की मांस, हे संशोधक सूक्ष्मदर्शकाखाली त्या चकाकीवरून ओळखतात.

तांबे आणि कासे यांच्याबद्दल धारेच्या दृष्टीने थोडक्यात एवढेच सांगण्यासारखे आहे, की ठोकल्याने तांबे काहीसे कठीण होते, दहाएक टक्के कथिल मिसळून कासे केले की ते आणखी कठीण होते, आणि बोथट झालेले पाते वितळवून पुन्हा ओतता येते. दगडाला ही शेवटची सोय नव्हती.

लोखंड आल्यावर लगेच धार सुधारली, असा समज आहे तो मात्र चुकीचा आहे. नागपूरजवळ नायकुंड येथे इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकातली लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली आहे. अशा भट्टीतून निघणारे शुद्ध लोखंड चांगल्या काशापेक्षा काही फार कठीण नसते. खरा बदल घडला तो त्यात थोडा कर्ब शिरल्यावर. अर्धा ते दीड टक्का कर्ब असलेले लोखंड, म्हणजे पोलाद, लालबुंद तापवून एकदम पाण्यात बुडवले की कर्बाच्या अणूंना बाहेर सरकायला वेळच मिळत नाही. ते लोखंडाच्या स्फटिकात अडकून त्याची जाळी ताणून धरतात. या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात. ती इतकी कठीण आणि इतकी ठिसूळ असते, की तसेच पाते दगडावर पडले तर फुटू शकते. म्हणून लोहार ते पुन्हा हलके तापवतो आणि रंगाकडे पाहतो. घासून उजळलेल्या पृष्ठभागावर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग आला की तापमान सुमारे २२५ अंश सेल्सियस असते, निळा आला की ३००च्या आसपास. पिवळ्यावर थांबले तर धार टिकते, निळ्यापर्यंत नेले तर पाते लवचीक होते. तापमापक नसलेल्या काळात सौद्याचा भाव असा रंगावरून ठरवला जाई.

पाण्याच्या या कामाची नोंद सुश्रुतसंहितेत आहे. तिथे शस्त्रांच्या ‘पायने’चे, म्हणजे तापलेले शस्त्र द्रवात बुडवण्याचे, तीन प्रकार सांगितले आहेत: क्षारात, पाण्यात आणि तेलात. हाड छेदायच्या शस्त्रासाठी क्षार, मांसासाठी पाणी, शिरा आणि स्नायू यांच्यासाठी तेल. तापलेले लोखंड पाण्यात झपाट्याने आणि तेलात संथपणे थंड होते, आणि मिठाचे किंवा क्षाराचे द्रावण साध्या पाण्यापेक्षाही वेगाने उष्णता ओढून घेते, कारण तापलेल्या धातूभोवती जमणारे वाफेचे आवरण त्यात लवकर फुटते. म्हणजे सर्वांत कठीण कामासाठी सर्वांत कठीण धार, हा क्रम आजच्या धातुशास्त्राशी जुळतो. त्याच अध्यायात धारेची मापेही आहेत: फोडण्याच्या शस्त्राची धार मसुरीएवढी, खरवडण्याच्या शस्त्राची अर्ध्या मसुरीएवढी, वेधण्याच्या शस्त्राची केसाएवढी आणि छेदण्याच्या शस्त्राची अर्ध्या केसाएवढी. शस्त्र नीट पाजवले आहे की नाही, याची परीक्षा म्हणजे त्याने केस कापला जावा. आपले ‘पाजवणे’ हे क्रियापद त्या ‘पायने’च्याच कुळातले दिसते.

मराठीत उत्तम पोलादाला ‘गजवेल’ असा खास शब्द आहे, तो काही उगाच नाही. दख्खनच्या पूर्व भागात आणि त्याच्या दक्षिणेला बंद मुशीत पोलाद करण्याची कला शतकानुशतके होती. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींनुसार लोखंडाचे तुकडे, तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने मातीच्या मुशीत घालून तिचे तोंड लिंपून टाकत, मग मूस तासन्‌तास भात्याच्या वाऱ्यावर तापवून हळूहळू निवू देत. आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम हे अशा पोलादासाठी नावाजलेले गाव, आणि इराणचे व्यापारी तिथवर येत. या पोलादात दीड टक्क्याच्या आसपास कर्ब असे, आणि त्यातून घडवलेल्या तलवारींवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे. ती म्हणजे काचेसारख्या कठीण लोहकार्बाइडच्या कणांचे पट्टे, तुलनेने मऊ लोखंडात बसलेले. दगडी पात्यांच्या विळ्यातली कामाची वाटणी इथे डोळ्यांना न दिसणाऱ्या पातळीवर आलेली होती. खनिजातून आलेला व्हॅनेडियमचा अत्यल्प अंश हे पट्टे घडायला कारणीभूत होता, असे विसाव्या शतकाच्या अखेरीच्या प्रयोगांतून दिसले.

इंग्रजीत या पोलादाला ‘वुट्झ’ म्हणतात, बहुधा कानडी ‘उक्कु’वरून. मायकेल फॅरडे १८२०च्या सुमारास जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या घडवणाऱ्या कारागिराबरोबर त्याच्या मागे लागला होता. वुट्झचे गुण अ‍ॅल्युमिनियममुळे येतात, असा निष्कर्ष त्याने काढला आणि तो चुकला. पण त्या नादात त्याने पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले आणि मिश्र पोलादांच्या अभ्यासाला वाट करून दिली. विज्ञानात अशा उपयुक्त चुका बऱ्याच सापडतात.

मिश्रणाचा एक मजेदार किस्सा त्याआधी दोनशे वर्षांचा आहे. १६२१मध्ये जालंधरजवळ उल्का पडली. ते लोखंड उकरून बादशहा जहांगीरकडे नेण्यात आले आणि उस्ताद दाऊदला शस्त्रे घडवण्याची आज्ञा झाली. पण ते घणाखाली टिकेना, तुकडे पडू लागले. उल्केच्या लोखंडात गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे असतात, ती तापलेल्या धातूला ठिसूळ करतात. मग तीन भाग उल्केचे आणि एक भाग साधे लोखंड मिसळून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी तयार झाली. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

आमच्या नव्या विळीचा जन्म इंग्लंडमधल्या शेफिल्डचा म्हणावा लागेल. बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी कशी करावी, या खटपटीत असताना हॅरी ब्रिअर्ली या धातुतज्ज्ञाने १९१३मध्ये १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कर्ब असलेले पोलाद ओतले, आणि ते व्हिनेगरला आणि लिंबाच्या रसाला दाद देत नाही हे त्याच्या ध्यानात आले. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा अदृश्य थर बसतो, ओरखडा पडला तरी तो लगेच भरून येतो, आणि खालचे लोखंड कैरीच्या आम्लापासून किंवा केळफुलातल्या टॅनिनपासून सुरक्षित राहते. पण कर्ब कमी, आणि आहे त्यातलाही काही क्रोमियमच पकडून ठेवते. परिणामी स्वस्त स्टेनलेसचे पाते पुरेसे कठीण होत नाही. न कापणाऱ्या सुरीचा शोध लावणारा, अशी ब्रिअर्लीची थट्टा तेव्हा झालीच होती. आजचे महाग स्टेनलेस फार सुधारले आहे, पण विळ्यांच्या दुकानात मिळणारे क्वचितच त्या दर्जाचे असते.

दाढीचे पाते तर उत्तम स्टेनलेसचे असते, आणि केस त्याच्यापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. तरी ते काही दिवसांत बोथट का होते? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२०मध्ये याचे उत्तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून शोधले. धार झिजत जाते, ही समजूत अपुरी ठरली. केस तिरका आला, कडेवर आधीच एखादी खाच असली आणि त्या जागी पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसली, तर सगळा ताण एका बिंदूवर गोळा होतो आणि कडेचा सूक्ष्म टवका उडतो. धार जाते ती बरीचशी अशी, एकेका टवक्याने.

परवा सायकलवाला धारवाला गल्लीत आला तेव्हा मी दोन्ही विळ्या त्याच्यापुढे ठेवल्या. सायकल स्टँडवर, पायडलवर फिरणारे एमरीचे चाक, शेजारी पाण्याचा डबा. आजीच्या विळीचे पाते चाकाला लागताच पिवळ्या ठिणग्या उडाल्या आणि प्रत्येक ठिणगी पुढे जाऊन चांदणीसारखी फुटली. हवेत जळणाऱ्या कणातला कर्ब वायू होऊन तो कण फोडतो, त्याची ती फुले. नव्या विळीच्या ठिणग्या आखूड आणि लालसर होत्या, फारशा फुटत नव्हत्या. त्याने आजीची विळी मध्येच उचलून पाण्यात बुडवली, कारण चाकावर पाते निळे पडले की लोहाराने दिलेले पाणी उतरते, आणि मग अंगठा धारेला आडवा फिरवून पाहत तो म्हणाला, “हिला दर महिन्याला नको आणत जाऊ ताई, पातं संपेल.”