रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तपासणीसाठी नमुना दिल्यावर आपल्याला काउंटरवरून जी पावती मिळते, तिच्यावर रिपोर्ट मिळण्याची तारीख छापलेली असते. आजचा दिवस आणि ती तारीख यांच्या मधले दिवस कसे काढायचे, याबद्दल मात्र पावतीवर एक अक्षरही नसते. हे पत्रक त्या मधल्या दिवसांसाठी आहे. आम्ही रोगनिदानाची एक लहान प्रयोगशाळा चालवतो आणि मनावर उपचार करणे हे आमचे काम नाही. पण रोज काउंटरसमोर बसलेल्या माणसांची घालमेल पाहिल्यावर असे लक्षात आले की, त्या भीतीतला निदान काही भाग आमच्या कामाची माहिती नसल्यामुळे निर्माण होतो, आणि तेवढा तरी आम्हाला कमी करता येईल.

उशिराचा अर्थ लावू नका

आमच्याकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न रिपोर्टबद्दलचा नसून उशिराबद्दलचा असतो. ‘शेजारच्यांचा रिपोर्ट संध्याकाळी मिळाला, माझ्याच रिपोर्टला आठवडा का?’ या प्रश्नाच्या पोटात दुसरा, न विचारलेला प्रश्न असतो, तो म्हणजे ‘काही वाईट सापडले आहे म्हणूनच थांबवून ठेवले आहे का?’ याचे उत्तर देण्यासाठी नमुन्याचा प्रवास थोडा सविस्तर सांगावा लागेल.

बायॉप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी शरीरातून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो तो फॉर्मॅलिन या पेशी टिकवून ठेवणाऱ्या द्रावणाच्या बाटलीत. हे द्रावण तुकड्यात हळूहळू मुरते. लहान तुकड्यालाही काही तास लागतात आणि मोठ्या तुकड्याला एक दिवस किंवा त्याहून अधिक. मुरण्याआधीच पुढचे काम उरकले, तर पेशींची रचना बिघडते आणि निदान चुकण्याचा संभव वाढतो. त्यानंतर तुकड्यातले पाणी अल्कोहोलने काढले जाते, अल्कोहोल झायलीनने काढले जाते आणि त्या जागी सुमारे 60 अंश सेल्सिअस तापमानाचे वितळलेले पॅराफिन मेण भरले जाते. हे काम यंत्र सहसा रात्रभर करते. सकाळी मेणाचा थंड ठोकळा मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर चढवून त्याचे 3 ते 5 मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही पातळ असे काप घेतले जातात. हे काप एकमेकांना चिकटून रिबिनीसारखे बाहेर येतात, कोमट पाण्यावर तरंगत ठेवले की सुरकुत्या जाऊन सपाट होतात आणि मग काचेच्या पट्टीवर अलगद उचलले जातात. हे काप उचलताना तंत्रज्ञ क्षणभर श्वाससुद्धा रोखून धरतात, कारण फुंकरीनेही काप दुमडतो. यानंतर रंग दिला जातो, ज्यात पेशीकेंद्रके निळसर-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो, आणि तेव्हा कुठे पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे पेशी पाहून निदान करणारे डॉक्टर, डोळा सूक्ष्मदर्शकाला लावतात.

हाडाचा नमुना असेल, तर त्यातले कॅल्शियम काढून तो मऊ करावा लागतो आणि त्यात आणखी दिवस जातात. पहिल्या कापात हवा तो भाग नीट आला नाही, तर ठोकळ्यातून अधिक खोलवरचे काप घ्यावे लागतात. काही वेळा विशेष रंगद्रव्ये वापरून तपासणी करावी लागते, काही वेळा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घेतले जाते. ही सर्व कारणे साध्या गाठीलाही लागू पडतात आणि गंभीर आजारालाही.

जंतूंच्या तपासणीत, म्हणजे कल्चरमध्ये, तर उशिराचा अर्थ लोक लावतात त्याच्या उलटही असू शकतो. रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू वाढले, तर ते बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच दिसतात. काहीच वाढले नाही, तर तसे लिहून देण्यापूर्वी साधारण 5 दिवस वाट पाहावी लागते. क्षयाचे जंतू फारच संथपणे वाढतात. द्रव माध्यमातल्या कल्चरमध्ये ‘जंतू आढळले नाहीत’ असे लिहायला 6 आठवडे थांबावे लागते. म्हणजे या तपासण्यांत सर्वांत उशिरा येणारा रिपोर्ट हा ‘काही सापडले नाही’ असे सांगणारा असतो.

काउंटरवरच्या चेहऱ्याचाही अर्थ लावू नका

रिपोर्टचे पाकीट देताना आमचा सहकारी हसला नाही, फोनवर त्याचा आवाज जरा पडलेला वाटला किंवा त्याने ‘डॉक्टरांना दाखवून घ्या’ असे सांगितले, एवढ्यावरून रात्रभर जागलेली माणसे आम्हाला माहीत आहेत. काउंटरवरच्या व्यक्तीला रिपोर्टमधला मजकूर माहीत नसतो आणि ‘डॉक्टरांना दाखवून घ्या’ हे वाक्य ती प्रत्येकाला म्हणते. एक चूक मात्र आमचीही होती. पूर्वी आमचे सहकारी चांगल्या भावनेने ‘काही नाही निघणार हो, काळजी करू नका’ असे म्हणत असत. ज्यांचा रिपोर्ट चांगला आला त्यांना त्याचे काही वाटले नाही. ज्यांचा आला नाही, त्यांना ते वाक्य नंतर बोचत राहिले. आम्ही ते म्हणणे बंद केले आहे. त्यामुळे आमचे सहकारी आपल्याला कोरडे वाटले, तर तो कोरडेपणा ठरवून पाळलेला आहे असे कृपया समजावे.

न कळण्याची भीती

वाट पाहणाऱ्यांना अनेकदा स्वतःच्या भित्रेपणाची लाज वाटते. ‘अजून काही झालेले नाही, तरी मी इतका का घाबरतो?’ असे ते विचारतात. खरे तर मन घाबरते ते काही ठरलेले नसते म्हणूनच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात 45 जणांना संगणकावर खेळ खेळायला दिला होता आणि त्यात काही वेळा हाताला विजेचा सौम्य पण वेदनादायक झटका बसत असे. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना लोकांवर जितका ताण आला, त्यापेक्षा जास्त ताण झटका बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना आला. स्तनाच्या बायॉप्सीनंतरच्या दिवसांत स्त्रियांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण मोजणारा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे निदान अद्याप ठरले नव्हते त्यांच्या शरीरातील या संप्रेरकाची दिवसभरातील चढउतार कर्करोग असल्याचे कळलेल्या स्त्रियांसारखीच बिघडलेली होती. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असे आपण म्हणतोच. शरीरालाही ते चिंतन खरेच वाटते, एवढीच यात भर पडते.

भीती सगळे दिवस सारखी राहत नाही, हेही माहीत असलेले बरे. वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट पाहणाऱ्या उमेदवारांचा अमेरिकेत अभ्यास झाला, तेव्हा चिंता सुरुवातीला जास्त, मधल्या काळात कमी आणि निकाल जवळ आल्यावर पुन्हा जास्त असे दिसून आले. परीक्षा आणि आजार यांत फरक आहे हे मान्य करूनही आम्हाला काउंटरवर जे दिसते ते याच्याशी जुळते. तेव्हा आदल्या रात्री धाकधूक एकदम वाढली, तर ती वाईट बातमीची चाहूल नसून तारीख जवळ आल्याचा परिणाम आहे असे समजावे.

या दिवसांत काय करावे

सर्वांत आधी हात आवरावा. मानेत किंवा काखेत गाठ लागली की माणूस ती दिवसातून वीसदा चाचपून पाहतो. आरशासमोर, आंघोळीच्या वेळी, रात्री अंथरुणात. सतत दाबल्याने तिथली त्वचा आणि आजूबाजूचा भाग दुखू लागतो, थोडा सुजतोही, आणि मग ‘काल दुखत नव्हती, आज दुखते, म्हणजे वाढली’ असा निष्कर्ष निघतो. बोटांनी घेतलेले हे माप विश्वासार्ह नसते. गाठीत खरोखर फरक वाटला, तर डॉक्टरांना एकदा दाखवावे आणि पुढच्या भेटीपर्यंत तिला हात लावू नये.

दुसरी गोष्ट मोबाइलवरच्या शोधाची. शोधूच नका असे सांगणे व्यर्थ आहे, कारण कोणी ऐकत नाही, आणि आजाराची माहिती करून घेण्यात गैरही काही नाही. अडचण अशी की, एखादे लक्षण शोधले असता त्याची साधी कारणे आणि दुर्मीळ, भयंकर कारणे एकाच यादीत शेजारी शेजारी दिसतात, आणि घाबरलेला डोळा भयंकर तेवढेच वाचतो. त्यामुळे वाचायचेच असेल, तर दिवसा वाचावे, जवळच्या माणसासोबत वाचावे आणि जे प्रश्न पडतील ते डॉक्टरांना विचारण्यासाठी कागदावर उतरवून ठेवावेत. रात्री बारानंतर वाचलेल्या मजकुराने कोणाचे समाधान झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

काळजीला वेळ नेमून देण्याचा उपाय ऐकायला विचित्र वाटतो, पण तो अभ्यासलेला आहे. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याने दिवसभराची चिंता कमी झाल्याचे दिसले होते. रोज ठरावीक जागी, ठरावीक वेळी अर्धा तास बसून नको नको ते सगळे विचार येऊ द्यावेत; इतर वेळी विचार आला की ‘तुझी वेळ साडेपाचची’ असे म्हणून हातातल्या कामाकडे वळावे. ही वेळ झोपेच्या जवळची नसावी. विचार दाबायचा नसून पुढे ढकलायचा आहे, म्हणून तो थोडा सोपा जातो.

छातीत धडधडू लागले, पोटात गोळा आला, तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यावा. चार अंक मोजत घ्यावा आणि सहा किंवा आठ अंक मोजत सोडावा. श्वास सोडताना हृदयाची गती आपोआप थोडी मंदावते, आणि या पद्धतीत त्याचाच उपयोग होतो. चहा-कॉफी या दिवसांत कमी केलेली बरी, कारण त्यांनी होणारी धडधड भीतीच्या धडधडीत सहज मिसळून जाते. काम शक्य तितके चालू ठेवावे, आणि त्यातही ज्यात हात आणि लक्ष दोन्ही गुंततात असे काम निवडावे. टीव्ही समोर चालू असला तरी मन त्याच्या मागे जाऊन बसते, शिवणकाम करताना किंवा हिशेब जुळवताना तसे सहसा होत नाही.

घरच्यांसाठी एवढेच की, ‘तू उगाच घाबरतोस’ हे वाक्य टाळावे. ते धीर देण्यासाठी म्हटले जाते, पण ऐकणाऱ्याला आपले बोलणे संपवायला सांगितल्यासारखे वाटते. सोबत येणे, गाडीची व्यवस्था पाहणे, रिपोर्टच्या दिवशी रजा काढणे यांचा उपयोग अधिक होतो.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट मोबाइलवर डॉक्टरांच्या भेटीआधीच येऊ शकतो. तो उघडायचा की नाही, एकट्याने की कोणासोबत, हे आधीच ठरवून ठेवावे. संदेशाचा आवाज झाल्यावर ठरवायला गेल्यास बोट आधी पोहोचते. मजकूर डॉक्टरांकडूनच ऐकायचा असेल, तर नमुना देतानाच आम्हाला सांगावे, आम्ही रिपोर्ट फक्त डॉक्टरांकडे पाठवू.

स्वतः वाचणार असाल, तर दोन गोष्टी लक्षात असाव्यात. बोलण्यात ‘निगेटिव्ह’ म्हणजे वाईट, पण रिपोर्टमध्ये ‘निगेटिव्ह’ म्हणजे जे शोधले ते सापडले नाही, आणि बहुतेक वेळा ती चांगली बातमी असते. दुसरी गोष्ट ठळक छापलेल्या आकड्यांची. रक्ततपासणीची सामान्य मर्यादा बहुधा निरोगी लोकांपैकी 95 टक्के तिच्या आत येतील अशी आखलेली असते, म्हणजे प्रत्येक तपासणीत 20 पैकी 1 निरोगी माणूस मर्यादेबाहेर दिसणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा ठळक छापला जाण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. काही तपासण्या एकाच आजारापुरत्या नसतात. अंडाशयाच्या कर्करोगासाठी रक्तात मोजले जाणारे सीए-125 हे प्रमाण मासिक पाळीच्या काळात किंवा गर्भारपणातही वाढू शकते आणि प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी मोजले जाणारे पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीच्या साध्या वाढीतही वाढते. रिपोर्टखाली ‘क्लिनिकल कोरिलेशन’ करावे असे छापलेले असते, त्याचा अर्थ हाच की, आकडा आणि माणूस या दोघांना एकत्र पाहिल्याशिवाय निदान पुरे होत नाही.

थांबू नये अशा वेळा

बायॉप्सीच्या जागेवरून दाबूनही न थांबणारा रक्तस्राव, ताप, वाढती सूज किंवा पू, छातीत दुखणे अथवा धाप लागणे यांपैकी काहीही झाल्यास रिपोर्टची वाट न पाहता लगेच डॉक्टरांशी संपर्क साधावा. सलग काही रात्री झोप नाही, अन्न जात नाही किंवा जगणे नकोसे वाटते असे झाल्यास तेही डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे, आणि असा विचार मनात असताना एकटे राहू नये. जिवाला तातडीचा धोका दर्शवणारा आकडा आमच्या यंत्रावर आला, तर आम्ही छापील तारखेची वाट पाहत नाही, डॉक्टरांना लगेच फोन करतो.

पावतीवरची तारीख उलटून गेली आणि रिपोर्ट आला नाही, तर संकोच न करता फोन करावा. मजकूर फोनवर सांगता येणार नाही, परंतु पावतीचा क्रमांक दिल्यास नमुना फॉर्मॅलिनमध्ये आहे, मेणात आहे, रंगासाठी गेला आहे की पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर आहे, आणि नवी तारीख कोणती, हे आम्ही सांगू.