किलोवॅट आणि युनिट: हजार एचपीच्या गाडीचा हिशेब

भाच्याने इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी एक गाडी कागदावर उभी केली आहे. नाव ‘वाघनख’ (साताऱ्यातलं पोरगं, दुसरं काय ठेवणार). विजेवरची स्पोर्ट्स कार, वजन दोन टन, शून्य ते शंभर दोन सेकंदांत. खाली ठळक अक्षरांत: ‘ताकद ७५० किलोवॅट, बॅटरी १०० किलोवॅट.’ पहिलं ठीक, दुसरं चूक, तिथे किलोवॅट-तास हवं. ही गल्लत बातम्यांतही दिसते, म्हणून त्याला एकट्याला बोलण्यात अर्थ नाही.

किलोवॅट म्हणजे वीज कोणत्या झपाट्याने ओढली जाते ते. किलोवॅट-तास म्हणजे एकूण किती ओढली ते. बिलावर आपण त्यालाच युनिट म्हणतो. महावितरणचं बिल काढून बघा, मंजूर भार किलोवॅटमध्ये असतो आणि वापर युनिटमध्ये. काही जण ‘किलोवॅट प्रति तास’ लिहितात. ‘प्रति’ म्हटलं की भागाकार आला, इथे तर गुणाकार आहे.

विहिरीवर मोटर असलेल्याला हे सांगावं लागत नाही. पाच एचपीची मोटर म्हणजे पावणेचार किलोवॅट, आठ तास चालली की तीसेक युनिट. एचपी मोटरच्या पाटीवर छापलेली असते. युनिट किती जळणार हे मात्र लाईट किती वेळ राहते त्यावर. वाघनखचे ७५० किलोवॅट म्हणजे हजार एचपी, म्हणजे अशा दोनशे मोटरी एकदम चालू. गावच्या डीपीचं (ट्रान्सफॉर्मरचं) काय होईल ते सोडा.

आकडे पोराने हवेतून आणलेले नाहीत. टेस्लाची मॉडेल एस प्लेड साधारण याच मापाची. महिंद्रांच्या मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफारिनाची बतिस्ता तर १९०० एचपीची, पण बॅटरी १२० युनिटांची. म्हणजे ताकद जवळजवळ दुप्पट, साठा जेमतेम पाचवा हिस्सा जास्त. दोन्ही एकाच मापाने वाढत नाहीत, हे इथे डोळ्यांना दिसतं.

आता मला स्वतःला ज्याची गंमत वाटली ते. दोन टनांची गाडी शून्यावरून शंभरवर न्यायला ऊर्जा लागते किती? हवेचा विरोध वगैरे बाजूला ठेवला तर ०.२१ युनिट. घरातला ७५ वॅटचा पंखा तीन तास फिरवा, तेवढीच. ती दोन सेकंदांत ओतायची तर सरासरी ३८५ किलोवॅट हवेत. दहा सेकंदांत ओतायची तर ७७ पुरे. खर्च दोन्हीकडे तोच, झपाटा पाचपट. स्पोर्ट्स कारचे पैसे मोजायचे ते या झपाट्याचे. भाच्याचा विश्वास बसेना, त्याने दोनदा गणित करून पाहिलं.

यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलात तर चढ साडेचारशे-पाचशे मीटरचा. एवढं वजन तिथवर उचलायला अडीचेक युनिट, आणि उतरताना त्यातली काही मोटर उलटी जनित्र होऊन परत देते. पुण्याला जायचं तर ११० किलोमीटर. शंभर किलोमीटरला वीस युनिट धरले तर २२ संपतील. ऐंशीच्या वेगाने त्यासाठी सरासरी १६ किलोवॅट लागतात, म्हणजे दोनशेपैकी चार-पाच मोटरी. बाकीच्या बसून. सगळ्या सतत चालवल्या तर १०० युनिटांची बॅटरी आठ मिनिटांत रिकामी, आणि तापमान तरी तेवढा वेळ कुठे चालू देणार.

कोयनेचंही असंच. १९६० मेगावॅट ही प्रकल्पाची ताकद. एक तास पूर्ण चालला तर १९ लाख ६० हजार युनिट. पण पश्चिमेला वळवायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधलेलं. ती त्याची बॅटरी म्हणा. म्हणून मागणी चढते तेव्हा ते जपून वापरायचं.

चार्जरवरचा आकडा पुन्हा किलोवॅटचा. घरी ७.४ चा बसवला तर १०० युनिट भरायला साडेतेरा तास, आणि आधी मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल.

ताई इतका वेळ स्वयंपाकघरातून ऐकत होती. किलोवॅटचं तिला काही पडलं नव्हतं. बाहेर येऊन म्हणाली, “शंभर युनिट? अरे, शंभरच्या वर गेलं की दर वाढतो म्हणून मी महिनाभर गीझर जपून लावते, आणि हा एका रात्रीत संपवणार?”