पार्श्वभूमी : कडक झालेली काळी जमीन आणि जिवाणूंची बाटली

‘जमीन भुसभुशीत करते’ असं सांगून हल्ली जिवाणूंचं कल्चर बाटलीत विकलं जातं. विदर्भात जिवाणू कल्चर नवं नाही. तूर-सोयाबीनच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यातून रायझोबियम हे जिवाणू चोळणं जुनंच आहे. पण ते नत्रासाठी होतं. जमीन मोकळी करण्याचं काम तेव्हा शेणखत, वखर आणि उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा करत.

बैलजोड्या घटल्या तसं शेणखतही घटलं. वखराच्या जागी रोटाव्हेटर आला. त्याची पाती वरचे चार-पाच इंच बारीक करतात आणि खालचा थर घासून दाबतात. त्यात वाफसा (रान मशागतीजोगं सुकणं) न पाहता ट्रॅक्टर घातला, ओल्या रानात सोयाबीनला हार्वेस्टर लावलं, की तो थर आणखी आवळतो. कपाशीचं सोटमूळ तिथे आडवं वळतं.

याच काळातला एक निर्णय इथे महत्त्वाचा आहे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात २००६ साली जिवाणू खतं आली. मुख्य निकष दोन बाजूंनी ठरले: जिवंत जिवाणू किती आणि ते नत्र किंवा स्फुरदाचं (फॉस्फरस) काम करतात का. आज भुकटीत दर ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूप खतात दर मिलिलिटरला १० कोटी जिवाणू लागतात. भेसळ रोखायला हे गरजेचंच होतं. पण जमिनीच्या घडणीवर काय परिणाम होतो, ही कसोटी त्यात आलीच नाही. २०२१ साली जैव-उत्तेजकांना (पिकाच्या वाढीला चालना देणाऱ्या पदार्थांना) त्याच आदेशात जागा मिळाली. तिथेही मोजमाप पिकाच्या वाढीचं. त्यामुळे ‘जमीन भुसभुशीत करते’ हे वाक्य बाटलीवर आलं, तरी ते तपासायला प्रमाण नाही. माझ्या मते शेतकऱ्याचं सर्वांत जास्त नुकसान या फटीतून झालं.

दावा मुळातून खोटा नाही. जिवाणू चिकट शर्करा सोडतात, बुरशीचे तंतू कण गुंफतात आणि मातीचे टिकाऊ रवे बनतात. मात्र त्यासाठी त्यांना खायला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजणारा काडीकचरा किंवा शेणखत हवं. आपण पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) जाळतो, कुटार (मळणीतला भुसा) बांधावरून बाहेर जातं. मग ड्रिपमधून सोडलेले जिवाणू जगणार कशावर? त्या खालच्या दाबलेल्या थरात तर हवाही कमीच. जीवामृतालाही (शेण, गोमूत्र, गूळ यांचं आंबवलेलं द्रावण) हेच लागू आहे; त्यासोबत आच्छादन सांगितलेलं असतं, पण बरेचदा फक्त ड्रम भरला जातो.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, गोष्ट आणखी वेगळी. तिथे सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात. सोडियमची जागा कॅल्शियमने घेतल्याशिवाय रवे टिकत नाहीत, म्हणून तिथे आधी माती परीक्षण, मग जिप्सम आणि पाण्याचा निचरा. इतर रानांत कोरड्या उन्हाळ्यात सबसॉयलर (खालचा थर फोडणारं अवजार), त्यानंतर बोरू किंवा ढेंचा ही हिरवळीची पिकं गाडणं. कल्चर यानंतर.