पत्र कुठे उघडं असतं?

कोथरूडला समुपदेशन करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने परवा विचारलं, "माझा मेल त्या स्विस कंपनीकडे नेऊ का गं? जाहिराती नाहीत, पत्रं वाचत नाही म्हणतात. चांगली माणसं आहेत ना?" तिला येणाऱ्या मेलमध्ये घरातल्या मारहाणीपासून गोळ्यांच्या नावांपर्यंत सगळं असतं. तिचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला, पण तो माणसांबद्दल विचारण्यापेक्षा किल्लीबद्दल विचारायला हवा.

ईमेल ज्या नियमांवर चालतो, ते एसएमटीपीचे नियम १९८२चे. त्यांत पत्र बंद करण्याची सोयच नव्हती; ते पोस्टकार्डच होतं. पुढे वाटेवरच्या चोरीला आळा बसावा म्हणून एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात बदलणं, आलं. म्हणजे टपालाच्या गाडीला कुलूप लागलं, पण दोन्हीकडच्या पोस्टात कार्ड उघडंच राहिलं.

प्रोटॉन (मैत्रीण म्हणते ती स्विस कंपनी) आणि जर्मनीची टूटा यांसारख्या सेवा इथे पुढचं पाऊल टाकतात. तुमच्या डब्यात पडणारं पत्र त्या तुमच्या सार्वजनिक किल्लीने बंद करतात; ही किल्ली कुणालाही देता येते, पण तिने कुलूप फक्त लागतं, उघडत नाही. ते उघडणारी खासगी किल्ली तुमच्या पासवर्डने कुलूपबंद असते आणि तो पासवर्ड कंपनीकडे जात नाही. उद्या कुणी सर्व्हर उचलून नेला तरी साठवलेल्या पत्रांचा मजकूर वाचता येणार नाही. हे काम गणित करतं, कंपनीची नीतिमत्ता नव्हे, म्हणूनच मला ते मोलाचं वाटतं.

मात्र बाहेरच्या साध्या मेलवरून आलेलं पत्र त्यांच्या दाराशी उघडंच पोचतं आणि तिथे बंद होतं. त्या क्षणापुरतं ते वाचता येतं. २०२०मध्ये जर्मनीत कोलोनच्या न्यायालयाने नेमकं तिथे बोट ठेवलं: एका खात्यावर येणारी अशी पत्रं बंद होण्याआधी टूटाने (तेव्हाचं नाव टूटानोटा) तपास यंत्रणेला द्यावीत. २०२१मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉनने फ्रान्समधल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक, नोंदवून दिला. पत्रांचा मजकूर गेला नाही, कारण तो त्यांना उघडताच येत नव्हता. पत्ता मात्र नोंदवता येत होता, म्हणून गेला. हेतू वाईट नव्हता, कायदा पाळावाच लागतो. पण आयपी नोंदी ठेवत नसल्याची जी ग्वाही संकेतस्थळावर होती, तिचे शब्द नंतर बदलावे लागले, हेही विसरता कामा नये.

देशाच्या नावावर विसंबणं तर मला सर्वांत कच्चं वाटतं. क्रिप्टो एजी ही स्वित्झर्लंडचीच कंपनी, शंभराहून जास्त देशांना गुप्तलेखनाची यंत्रं विकणारी. १९७०पासून तिची मालकी छुपेपणाने अमेरिकेच्या सीआयएकडे आणि जर्मन गुप्तचर खात्याकडे होती, हे जगाला २०२०मध्ये कागदोपत्री कळलं. गिऱ्हाइकांत भारतही होता.

आणखी एक बारीक गोष्ट. ब्राउझरमध्ये मेल उघडता, तेव्हा कुलूप उघडणारा प्रोग्राम कंपनीच पाठवते, म्हणजे पासवर्ड कुठे जातो हे अखेर तिच्याच हातात राहतं. हशमेल या कॅनडाच्या सेवेचं प्रकरण २००७मध्ये गाजलं ते याच जागेवर: सोयीसाठी पासवर्ड सर्व्हरवर स्वीकारला जायचा, आणि न्यायालयाच्या आदेशानंतर मजकूर उलगडून दिला गेला.

मैत्रिणीला मी सांगितलं, ने तिकडे. जाहिरातींसाठी तुझी ओळख विकण्यावर ज्यांचा धंदा चालत नाही, तिथे धोका कमी. पण कंपनीला आदेश आला तर ती काय देऊ शकेल, एवढं आधी बघ. कोण कुणाला, केव्हा लिहितंय हे तिला दिसतंच, आणि प्रोटॉनमध्ये विषयाची ओळही त्या कुलपात नसते.

तिने खातं उघडलं. आता तिच्या मेलच्या तळाशी एक सूचना असते: विषयाच्या ओळीत फक्त 'भेट' लिहा, बाकीचं समोर बसून बोलू.