तोतरेपणा: जिभेवरच्या सुरीपासून जागृती दिनापर्यंत

दरवर्षी २२ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय तोतरेपणा जागृती दिन पाळला जातो. त्याची सुरुवात १९९८ साली झाली आणि त्यामागे स्वतः अडखळत बोलणारी माणसं होती. एवढा उशीर का झाला, हे कळायला जुने उपचार पाहावे लागतात.

दोष जिभेत आहे, अशी समजूत फार जुनी. १८४१ मध्ये बर्लिनचे नामांकित शल्यविशारद डीफेनबाख यांनी तोतऱ्या रुग्णांच्या जिभेच्या मुळाशी पाचरीसारखा तुकडा कापायला सुरुवात केली. ईथरची भूल रूढ व्हायला अजून काही वर्षं होती, म्हणजे हे सगळं शुद्धीत! युरोपात इतरांनीही हे करून पाहिलं आणि लवकरच सोडून दिलं. त्या मानाने आपल्याकडचं मधात उगाळलेलं वेखंड बिचारं निरुपद्रवी.

विसाव्या शतकात संशोधनाचं केंद्र अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात सरकलं. तिथले संशोधक वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे होते. लहान मूल सहज अडखळतं, मोठी माणसं त्यावर ‘तोतरा’ असा शिक्का मारतात आणि त्या धास्तीतून तोतरेपणा पक्का होतो, असं त्यांचं म्हणणं. १९३९ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्टच्या अनाथालयातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या सहा नीट बोलणाऱ्या मुलांना ‘तू तोतरा आहेस’ असं वारंवार सांगण्यात आलं. ती मुलं तोतरी झाली नाहीत, पण बुजली, तोंड उघडेनाशी झाली. ट्यूडरचा प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहिला. २००१ मध्ये एका वृत्तपत्राने हे प्रकरण उजेडात आणल्यावर विद्यापीठाने माफी मागितली. २००७ मध्ये आयोवा राज्याने सहा जणांसाठी मिळून ९,२५,००० डॉलर भरपाई मान्य केली.

या सिद्धान्ताचा भार आईबापांवर, त्यातही आईवर, कित्येक वर्षं राहिला. तोतरेपणाशी जोडलेली जनुकं २०१० मध्ये सापडली. तोतरेपणा घराण्यात असतो, हे मात्र आजीला आधीपासून माहीत होतं.

साधारण पाच टक्के मुलं कधी ना कधी तोतरं बोलतात आणि त्यातली तीन चतुर्थांशांच्या आसपास आपोआप सावरतात. ‘हमखास बरं करतो’ म्हणणाऱ्यांची दुकानं याच आकड्यावर चालतात. उरलेल्यांसाठी चार्ल्स व्हॅन रायपर या तोतऱ्या वाचोपचारतज्ज्ञाने वेगळी वाट दाखवली: अडखळणं लपवू नका, जोर न लावता मोकळेपणाने अडखळा. शब्द बदलणं, फोन टाळणं, वर्गात हजेरीला गप्प राहणं, ही लपवाछपवीच माणसाला जास्त थकवते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

त्या वाटेवरूनच स्वमदत गट उभे राहिले. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात, १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये. भारतात म्हैसूरची वाचा-श्रवण संस्था १९६५ ची, त्याच क्षेत्रातली वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची. पण तोतऱ्यांची स्वतःची संघटना, ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’, २००८ मध्ये आली. ‘बरं होणं’ म्हणजे न अडखळता बोलणंच, असं तिथे मानत नाहीत. समोरच्याने वाक्य पुरं होईपर्यंत थांबावं, मध्येच शब्द पुरवू नये, हे लोकांना सांगणं हाही जागृतीचा भाग झाला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे. त्याच्या व्याख्येत स्वरयंत्र काढणं आणि मेंदूच्या इजेने भाषा जाणं, एवढीच उदाहरणं दिली आहेत; तोतरेपणाचं नाव त्यात नाही.