प्रोसेसर डिझाइन आणि एम्बेडेड प्रोग्रॅमिंग: चिप दोन्हीकडे आहे, पण काम वेगळं

दरवर्षी थर्ड इयरची पोरं विचारतात, "मला चिप डिझाइनमध्ये जायचंय, तर आधी अर्डुइनो शिकू ना?" शीक रे, मजा येईल, पण ते तयार चिपवर प्रोग्रॅम टाकायचं छोटं बोर्ड आहे, त्याने चिप डिझाइन येणार नाही. आणि मुंबई विद्यापीठाच्या मायक्रोप्रोसेसर विषयात 8086 या प्रोसेसरची असेंब्ली (चिपच्या इन्स्ट्रक्शन्स थेट लिहायची भाषा) लिहिली म्हणजे प्रोसेसर डिझाइन शिकलो असंही नाही, कारण ती चिप इंटेलने 1978 लाच बनवून ठेवलीये, आपण फक्त तिला कामाला लावतोय. माझ्या मते तो विषय डिझाइनपेक्षा एम्बेडेडच्याच, म्हणजे तयार चिपसाठी प्रोग्रॅम लिहिण्याच्या, जास्त जवळचा आहे.

खरा गोंधळ होतो तो व्हेरिलॉग या सर्किटचं वर्णन लिहायच्या भाषेमुळे, कारण दिसायला ते बरंचसं सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसारखंच दिसतं. समजा एक काउंटर वाढवायचाय. सी मध्ये ती एक ओळ, कंपायलर तिच्या दोन-चार इन्स्ट्रक्शन्स करतो, प्रोसेसर मेमरीतून आकडा आणतो, एक मिळवतो, परत ठेवतो आणि पुढच्या कामाला लागतो. व्हेरिलॉगमध्ये तशीच ओळ लिहिली की टूल, म्हणजे कोडचं सर्किट करणारं सॉफ्टवेअर, एकेक बिट साठवणारे आठ फ्लिप-फ्लॉप आणि बेरीज करणारा एक अ‍ॅडर बनवतं (आठ बिटचा काउंटर असेल तर), आणि ते सर्किट तिथे कायमचं असतं, तुम्ही वापरा नाहीतर नका वापरू. सी मध्ये दोन व्हेरिएबल्सची अदलाबदल करायला साधारणपणे तिसरं लागतं. व्हेरिलॉगमध्ये नॉन-ब्लॉकिंग असाइनमेंटच्या (एकाच वेळी लागू होणाऱ्या) दोन ओळी लिहायच्या, क्लॉकच्या, म्हणजे सर्किटला ताल देणाऱ्या सिग्नलच्या, एकाच एजला (ठोक्याला) दोन्ही बदलतात, झालं! आणि सी वाली माणसं फॉर लूप टाकतात, त्यांना वाटतं तो एकामागून एक फिरणार, पण टूल तेवढ्या वेळा हार्डवेअरच्या कॉप्या काढून ठेवतं. इथे सगळ्यांची विकेट पडते.

म्हणजे डिझाइनवाला ठरवतो की इन्स्ट्रक्शन आत चालणार कशी, पाइपलाइन (इन्स्ट्रक्शनचं काम टप्प्याटप्प्यात वाटून घेणारी रांग) किती स्टेजची, आधीच्या इन्स्ट्रक्शनचं उत्तर अजून रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या आकडा ठेवायच्या जागेत) पोचलंच नाही आणि पुढचीला ते आत्ता हवंय तर काय करायचं, थांबवायचं की मधूनच फॉरवर्ड करायचं.

एम्बेडेडवाल्याला हे सगळं आयतं मिळतं, त्याची डोकेदुखी वेगळी. अर्डुइनो उनोच्या आर3 बोर्डावरच्या चिपमध्ये रॅम फक्त 2 केबी, त्यात स्ट्रिंगा भरल्या की बोर्ड कधीही येड्यासारखं वागायला लागतं. बटण एकदा दाबलं तरी आतला कॉन्टॅक्ट काही मिलिसेकंद उडत राहतो, म्हणून चार वेळा दाबल्यासारखं दिसतं. इंटरप्टमध्ये (चालू काम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) बदलणारं व्हेरिएबल व्होलाटाइल केलं नाही, म्हणजे ते दरवेळी मेमरीतूनच वाच असं कंपायलरला सांगितलं नाही, तर ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर कोड अडकून बसतो आणि बंद केलं की नीट चालतो, मग बसा शोधत. पण चूक सापडली की सुधारलेला प्रोग्रॅम चिपमध्ये पुन्हा फ्लॅश केला (भरला), विषय संपला.

सिलिकॉनमध्ये ती सोय नाही. 1994 मध्ये पेंटियमच्या भागाकारात चूक निघाली, आतल्या टेबलमधल्या काही नोंदीच गळाल्या होत्या, आणि चिपा बदलून देण्यापायी इंटेलने 47.5 कोटी डॉलरचा खर्च हिशोबात दाखवला. म्हणूनच या क्षेत्रात व्हेरिफिकेशन, म्हणजे चिप बनवण्याआधी डिझाइन तपासणं, हे वेगळं मोठं काम असतं, कॉलेजात त्याबद्दल फार कोणी बोलत नाही.

दोन्ही एकत्र बघायचं असेल तर रिस्क-फाइव्ह या खुल्या इन्स्ट्रक्शन सेटचा (प्रोसेसरला कळणाऱ्या इन्स्ट्रक्शन्सच्या यादीचा) छोटा कोअर, म्हणजे प्रोसेसर, स्वतः लिहा, एफपीजीएवर (आतलं सर्किट पुन्हा पुन्हा बदलता येणाऱ्या चिपवर) टाका आणि त्याच्यावर स्वतःचाच सी प्रोग्रॅम चालवा. एलईडीचा मेमरीतला पत्ता कुठला हे डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) शोधायचंच नाही, तो तुम्हीच ठरवलेला असतो. आपल्या पवईला आयआयटीत अजित नावाचा अख्खा प्रोसेसर बनलाय, स्पार्क इन्स्ट्रक्शन सेटवर, म्हणजे हे फक्त परदेशातच होतं असंही नाही.

खर्चाचं म्हणाल तर एम्बेडेडसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडला काहीशे रुपयांत बोर्ड मिळतं, एफपीजीए बोर्ड हजारांत जातं. पण डिझाइन सुरू करायला ते लागतच नाही, आयकारस व्हेरिलॉग (कोड लॅपटॉपवरच चालवून बघणारं) आणि जीटीकेवेव्ह (सिग्नलचे आलेख दाखवणारं) ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, लॅपटॉपवर वेव्हफॉर्म, म्हणजे हे आलेख, बघत पहिले काही महिने आरामात निघतात, बोर्डाचं नंतर बघा.